मांडवकरांचा जोडफोटो

'कल्याण संघटक' हा माझा नोकरीतला शेवटचा हुद्दा. फौजेतून सुभेदार म्हणून उतरलो आणि रत्नागिरीत सैनिक कल्याणच्या कामाला लागलो. नातेवाइकांना हुद्दा सांगितला तेव्हा कुणाला वाटलं मी पक्षाचं काम करायला लागलो, कुणाला वाटलं पतसंस्थेत चिकटलो. आमच्या मावशीने तर सरळ विचारलं, "लग्नं जुळवतोस काय रे आता?" तिन्ही अंदाज चुकीचे होते. तिसरा मात्र एकदा जवळजवळ खरा ठरला. अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून संपादकांनी गळ घातली, तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं.

काम काय ते आधी सांगतो, कारण हे काम असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं. माणूस फौजेत असेपर्यंत त्याचं सगळं फौज बघते. जेवण, कपडा, दवाखाना, सुट्टीचं तिकीट, सगळं. मग एक दिवस तो काळी ट्रंक घेऊन गाडीत बसतो आणि गावच्या फाट्यावर उतरतो. त्या दिवसापासून त्याचा वाली आम्ही. त्याचं ओळखपत्र काढायचं, मुलीला वसतिगृहात जागा बघायची, फौजेच्या दवाखान्याचं कार्ड करून द्यायचं, तो गेला तर त्याच्या बायकोचे कागद पुढे सरकवायचे. आम्ही स्वतः काही देत नाही. देणारे लांब असतात, घेणारे आमच्या समोरच्या बाकावर बसलेले असतात. त्यामुळे शिव्या आम्हाला मिळतात आणि पेढेही आम्हालाच मिळतात. हिशेब साधारण सारखा बसतो.

हे देणारे कुठे असतात? प्रत्येक पलटणीचं एक रेकॉर्ड ऑफिस असतं, कुणाचं मध्य प्रदेशात, कुणाचं बिहारात. शिपायाची भरती, बढती, लग्न, मुलं, सगळं तिथे नोंदलेलं असतं. तिथे नोंदलं तेच सरकारच्या लेखी घडलं. तुमच्या लग्नाला अख्खी वाडी जेवली असेल, पण रेकॉर्ड ऑफिसला कळवलं नसेल तर तुम्ही ब्रह्मचारी. मी हे सांगायचो तेव्हा लोकांना चेष्टा वाटायची.

आणि इथेच आमच्या कोकणातल्या फौजींचं घोडं पेंड खायचं. घाटावर एकेका गावात घरटी फौजी असतो. तिथे पोरगं भरती व्हायच्या आधी चुलता त्याला सगळं पढवून ठेवतो, कुठला कागद कधी भरायचा, लग्न झालं की पहिलं काय करायचं. आमच्याकडे वाडीत एखादाच फौजी. बाकी सगळे मुंबईला नाहीतर जहाजावर. त्याला सांगणार कोण? तो भरती होताना जवळचं माणूस म्हणून आईचं नाव घालतो, मे महिन्यात रजेवर येऊन लग्न करतो, रजा संपली की बायकोला आईच्या हवाली करून परत जातो, आणि युनिटच्या क्लार्कला लग्नाचं सांगायचं राहून जातं. काही वेळा राहून जातं, काही वेळा राहू दिलं जातं. त्यातला फरक मला फार उशिरा कळला.

आमच्याकडे येणाऱ्यांत नमुनेही बरेच. एक निवृत्त नाईक दर सोमवारी यायचे, काम काही नसायचं. घरी कुणाला हिंदी येत नाही म्हणून ते आमच्याशी तासभर हिंदी बोलून जायचे. सावर्ड्याच्या एका जवानाला रखवालदाराची नोकरी लावून दिली, तर आठ दिवसांत त्याने संस्थेच्या चेअरमनलाच ओळखपत्र नाही म्हणून फाटकावर अडवलं. चेअरमनचा फोन आला. मी म्हटलं, माणूस उत्तम मिळालाय, सांभाळा. नाटे गावच्या एक मुस्लिम खाला आल्या, नवऱ्याचा पांढऱ्या गणवेशातला फोटो घेऊन. नवरा आयुष्यभर 'नेव्हीत' होता म्हणाल्या. फोटो बघताच कळलं की तो मालवाहू जहाजावर होता. मी समजावून सांगितलं की ते खातं वेगळं, त्यांचं ऑफिस मुंबईला, पत्ता लिहून देतो. खाला माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दर्या तर एकच ना, साहेब? सरकारी बुडतो तसाच खासगी पण बुडतो." मी चहा पाजला, पत्ता दिला.

तर मांडवकर. नाव बदललंय, पण गाव राजापूर तालुक्यातलं, नाट्याच्या अलीकडचं, एवढं खरं.

एके दिवशी चिपळूणला दिलेली त्यांची मुलगी, शुभांगी, ऑफिसात आली. वडील हवालदार गोपाळ मांडवकर, फौजेची पेन्शन घेणारे. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं होतं. किती दिवस ते डॉक्टर सांगत नव्हते, पण फार नाहीत हे त्यांच्या न सांगण्यावरून कळत होतं. मुलीने दवाखान्याच्या कार्डाची चौकशी केली. मी वडिलांचं पेन्शनबुक बघितलं. बायकोच्या नावाची जागा कोरी.

"आई आहेत ना?" मी विचारलं.

"आहे की. काजूच्या फॅक्टरीत जाते अजून."

मी तिला सगळं समजावलं. आता वडील हयात आहेत तोवर नाव चढवणं सोपं आहे. गावचा दाखला, दोघांचं प्रतिज्ञापत्र आणि दोघांचा एकत्र काढलेला फोटो. आमच्या भाषेत जोडफोटो. नवरा-बायको शेजारी शेजारी, दोघांचे कान दिसले पाहिजेत, मागे पडदा साधा. वडील गेल्यावर मात्र आईलाच सिद्ध करावं लागेल की ती त्यांची बायको होती. लग्नाला हजर असलेली माणसं शोधायची, कोर्टात उभं राहायचं, आणि ती माणसं तरी आता किती उरलीत? तोवर पेन्शन नाही, औषधपाणी नाही, काही नाही. सरकारच्या लेखी ती त्या घरात राहणारी कुणीतरी बाई.

मला वाटलं मुलगी घाईघाईने उठेल. ती बसून राहिली.

"साहेब, बाकीचं होईल. फोटोचं कठीण आहे."

"का?"

"ती दोघं बोलत नाहीत."

"कधीपासून?"

"मी सातवीत होते."

तिला आता कॉलेजात जाणारी मुलगी होती.

पुढचा दौरा राजापूरचा होता. दौऱ्याच्या दिवशी आम्ही तालुक्याच्या गावी बसतो आणि फौजी आमच्याकडे येतात. पण त्या दिवशी दुपारनंतर मीच वाट वाकडी करून मांडवकरांकडे गेलो. घर चिऱ्याचं, नीटनेटकं. हवालदार ओटीवर बसलेले, अंगाने वाळलेले, पण दाढी चकचकीत. मी कोण ते सांगितल्यावर कष्टाने उठले आणि ताठ उभे राहिले. मी बसा म्हणेपर्यंत बसले नाहीत.

त्या घरात दोन चुली होत्या. आतली स्वयंपाकघरातली हवालदारांची आणि पडवीतली बाईंची. हवालदार फौजेच्या लंगरमध्ये शिकल्यासारखी डाळ करायचे, म्हणजे एक डाव पाणी आणि त्यात शोधायची डाळ. बाई पडवीत आपली पेज आणि बांगड्याचं तिखलं करायच्या. शुभांगी सांगायची, गणपतीच्या दिवसांत मात्र देवाचा नैवेद्य एकाच चुलीचा, तेवढ्यापुरती पडवीतली विझायची. गणपती गेले की पुन्हा धूर. बोलायचं झालंच तर दोघं मांजराशी बोलायची. "मने, सांग तेंका, पोस्टमन येवन गेलो." मग मनीला उत्तर मिळायचं.

हवालदारांच्या पत्नी सुगंधावहिनी फॅक्टरीतून आल्या. काजूच्या चिकाने बोटांची टोकं काळी पडलेली. मी त्यांना ओटीवर बोलावलं आणि जोडफोटोचं सांगितलं.

"माका नको," त्या म्हणाल्या.

"वहिनी, हे तुमच्यासाठीच आहे. उद्या काही झालं तर..."

"तेवा नाव घालूक नाय, आता कशाक?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नानंतर हवालदार रजा संपवून निघाले तेव्हा त्यांच्या आईने सांगितलं होतं, बायकोचं नाव तिकडे घालू नकोस. नाव घातलंस की क्वार्टर मिळते, क्वार्टर मिळाली की ही जाईल, मग भात कोण लावणार? आईचा शब्द हवालदारांनी मोडला नाही. वहिनींना सांगितलं, शिपायाला क्वार्टर देत नाहीत. त्यांनी विश्वास ठेवला. इतकी वर्षं लावणी केली, सासू-सासऱ्यांचं केलं, पोर वाढवली, आणि नवरा वर्षातून एकदा पाहुण्यासारखा आला. पेन्शनीत आल्यावर राजापूरला माजी सैनिकांचा मेळावा झाला. तिथे शेजारी बसलेली एक बाई सहज बोलली, आम्ही झाशीला दोन वर्षं होतो, क्वार्टरपुढे केवढं मोठं लिंबाचं झाड, तुम्ही कुठे होता? वहिनी म्हणाल्या, शिपायाला क्वार्टर मिळते? ती बाई हसली. तिचा नवरा शिपाईच होता.

"एसटीत मी तेंका विचारलंय, खरा काय ता सांगा. तर सांगतंत, आयेन नको म्हटलान," वहिनी म्हणाल्या. "मग म्हटलंय, कागदावर नाय ती बायको चुलीवर तरी कशाक? त्याच सांजचा पडवीत चूल घातलंय."

हे त्या माझ्याकडे बघून सांगत होत्या. हवालदार चार हातांवर बसले होते. मला थोडा राग आला, कुणाचा ते नीट सांगता येणार नाही. मी फौजेच्या आवाजात म्हटलं, "हवालदार मांडवकर, तुमची चूक आहे. माफी मागा."

हवालदार उठले. टाचा जुळवल्या, नजर समोर धरली आणि मला म्हणाले, "गलती हो गया, साब."

मी कपाळावर हात मारला. वहिनी एवढ्या वेळात पहिल्यांदा हसल्या, पण ते हसू गोड नव्हतं. "बघितलात? माफी पण सायबाकडे मागतंत."

त्या माणसाची काही चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. पण मला तो कळला. फौजेत चूक वरच्याकडे कबूल करायची असते. खालच्याकडे किंवा शेजारच्याकडे कबूल करायची कुणी शिकवत नाही. इतकी वर्षं मीही नोकरी केली, मलाही कुणी शिकवलं नाही, फक्त माझी बायको माझ्याबरोबर क्वार्टरमध्ये होती म्हणून मला ते तिच्याकडून शिकावं लागलं.

निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "साहेब, ती क्वार्टर कशी असता ओ?"

मी सांगितलं. एक खोली, मागे स्वयंपाकाची जागा, पुढे छोटा व्हरांडा. लोखंडी खाटा. भिंती खालून गेरूच्या, वरून पांढऱ्या. दाराबाहेर पाटी, त्यावर नाव. संध्याकाळी बायका व्हरांड्यात बसून विणकाम करतात आणि एकमेकींच्या नवऱ्यांची उणीदुणी काढतात. यापलीकडे त्यात काही नसतं, असंही मी सांगितलं. त्या ऐकत होत्या. यापलीकडे काही नसतं हे त्यांना पटलं नसावं.

परतीच्या गाडीत मी विचार करत होतो. मला माझं काम येतं, माणसं जोडायचं काम येत नाही. पण रत्नागिरीत आमचं विश्रामगृह आहे. कामासाठी शहरात येणाऱ्या फौजींना तिथे दोन-चार दिवस राहता येतं. त्यातली कुटुंबाची खोली आणि मी आत्ताच वर्णन केलेली क्वार्टर यांत काहीच फरक नव्हता, कारण दोन्हींचा नकाशा एकाच प्रकारच्या डोक्यातून निघालेला असतो. खाटाही त्याच. मागे गॅसची शेगडी.

मी शुभांगीला फोन केला. वडिलांना तपासणीसाठी रत्नागिरीला आणावंच लागेल, आईलाही आण, फोटोचं नाव काढू नकोस. वहिनी आल्या, पण येण्याआधी लेकीला बजावलं होतं, "दवाखान्यासाठी येतंय. फोटो बिटो काय नाय." त्यांच्या पिशवीत मीठ-मसाल्याच्या पुड्या होत्या आणि एक छोटी कढई. पडवीतली चूल त्या पिशवीत घालून आणल्यासारखी.

मीही ऑफिस सुटल्यावर विश्रामगृहावर गेलो. आमच्याकडे एक पद्धत आहे. प्रत्येक खोलीच्या दाराबाहेर लहानशी काळी पाटी टांगलेली असते आणि आत राहणाऱ्याने तिच्यावर खडूने आपला हुद्दा आणि नाव लिहायचं. रखवालदाराला कळावं म्हणून. बहुतेक फौजी फक्त स्वतःचं नाव लिहितात, बरोबर अख्खं कुटुंब असलं तरी. रखवालदाराने खडू दिला. हवालदार पाटीपुढे उभे राहिले. धाप लागत होती, एक हात भिंतीला टेकवला होता. आधी हुद्दा लिहिला, मग स्वतःचं नाव. थांबले. मला वाटलं झालं. पण त्यांनी खडू खाली ठेवला नाही. खाली दुसऱ्या ओळीत, शाळेतल्या अक्षरात, सावकाश लिहिलं: सौ. सुगंधा गोपाळ मांडवकर.

मग मागे सरून पाटी सरळ केली. कुणाकडे बघितलं नाही.

वहिनी चौथी शिकलेल्या. त्यांनी वाचलं. लेकीने माझ्याकडे बघितलं, मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन आंब्याची झाडं बघायला लागलो. त्या दिवसांत झाडांवर बघण्यासारखं काही नव्हतं. वहिनी आत गेल्या, खाटेवरची चादर काढून झटकली आणि नीट घातली. मागच्या दाराच्या कडीला हात लावून बघितला. मग शेगडी पेटवली. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला आणि त्यानंतर त्यांचा.

"साखर किती घालू?"

तिथे मांजर नव्हतं.

हवालदार गडबडले. फौजेत परेडला चुकलेला पोरगा गडबडतो तसे. इतकी वर्षं स्वतःचा चहा स्वतः करणारा माणूस, त्याला स्वतःची साखर माहीत असायला हवी होती. "घाल... तुझ्या अंदाजान घाल," ते म्हणाले.

मला चहाचा आग्रह झाला नाही. मीही थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखाना झाला. डॉक्टरांनी औषधं बदलली, बाकी जे आधी सांगितलं होतं तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मंडळी निघणार होती. मी निरोपाला गेलो तेव्हा रखवालदार ओलं फडकं घेऊन पाट्या पुसत येत होता. एक खोली आधीच रिकामी झाली होती, तिची पाटी पुसून काळीकुळकुळीत करून तो यांच्या पाटीकडे आला.

"ह्या नाव पुसणार?" वहिनींनी विचारलं.

"हो, दुपारी दुसरे येतायत ना," रखवालदार म्हणाला.

वहिनी त्या पाटीकडे बघत राहिल्या. रखवालदार बिचारा फडकं हातात धरून थांबला, आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"साहेब, फोटो पुसतंत काय?"

"नाही वहिनी. तो रेकॉर्ड ऑफिसला जातो. तिथे कायमचा राहतो."

"मग काढूया."

शहरातल्या एका छोट्या स्टुडिओत फोटो काढला. मी बरोबर गेलो, कारण जोडफोटो चुकीचा निघाला की कागद परत येतात. दोघं स्टुलांवर बसली. फोटोवाला तरुण होता, म्हणाला, "आजोबा, जरा जवळ. दोघांच्या मधून एसटी जाईल." हवालदार सावधानमध्ये बसल्या जागी ताठ झाले, पण सरकले नाहीत. मग वहिनीच आपलं स्टूल सरकवायला उठल्या आणि सरकवून परत बसल्या. हसा, असं फोटोवाल्याने सांगितलं. मी म्हटलं, हसायचं नाही, नियमात नाही. त्यामुळे त्या फोटोत दोघं अशी बसलीत की जणू एकमेकांवर फिर्याद द्यायला आलीत. पण कान दिसतात चारही.

कागद गेले. अशा वेळी आमचं काम म्हणजे वाट बघणं आणि आठवण करणं. मी दर थोड्या दिवसांनी फोन करत होतो. तिकडचा एक बाबू माझ्या आवाजाला इतका सरावला की मी बोलायच्या आत म्हणायचा, "मांडवकर अभी नहीं हुआ, साब." मला स्वतःलाच नवल वाटत होतं. मी कुठल्या कागदासाठी असा जीव टाकणारा माणूस नव्हतो. फौजेने एक शिकवलं होतं, समोरच्याचं दुःख घरी न्यायचं नाही. पण त्या वेळी रात्री जेवताना बायकोने विचारलं, "त्या सुगंधाबाईंचं झालं का?" तेव्हा कळलं की मी घरी न्यायला लागलो होतो.

झालं एकदाचं. नाव चढलं. मी स्वतः जाऊन सांगितलं. हवालदार ओटीवरच होते, आणखी वाळलेले. उठायला लागले, मी खांद्यावर हात ठेवून बसवलं. वहिनींनी विचारलं, "आता कोर्टात जावक नको?" मी नाही म्हटलं. "बरा," म्हणाल्या आणि आतून शहाळं आणलं. पडवीतली चूल अजून होती. तिच्यावर फणसाच्या आठळ्या उकडत होत्या. भात आतल्या चुलीवर शिजत होता, एवढं मी वासावरून ओळखलं.

हवालदार त्यानंतर डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त जगले. मग एका श्रावणात गेले.

काही दिवसांनी दौऱ्यावर होतो तेव्हा समाचाराला गेलो. आता वहिनींचं वेगळं ओळखपत्र काढायचं होतं, तेही काम होतं. ओटीवर भिंतीला तोच जोडफोटो मोठा करून लावलेला. हवालदारांचा म्हातारपणचा दुसरा फोटोच नव्हता. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात. इथे हार होता, पण चौकटीच्या मधोमध एक जादा खिळा मारून तो हवालदारांच्या अर्ध्या भागावरच घातलेला. उरलेल्या अर्ध्यातून वहिनी फिर्यादी चेहऱ्याने बघत होत्या.

शुभांगी म्हणाली, "वाडीतले सगळे बोलतात, जिवंत माणसाचा फोटो असा हारापाशी ठेवू नये. फोटोवाला म्हणाला होता, आईला कॉम्प्युटरवरून पुसून टाकतो, बाबा एकटेच राहतील. हिने पुसू दिलं नाही."

वहिनी आतून आल्या. हिरव्या बांगड्या नव्हत्या. मी ओळखपत्राचं सांगितलं. त्याला एकटीचा फोटो लागतो. वेळ आणि हेलपाटा वाचावा म्हणून माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, की जोडफोटोच्या जादा प्रती असतील तर त्यातली एक मधून कापून दिलीत तरी चालेल, पुष्कळ जणी तसं करतात.

वहिनी भिंतीकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं.

"नको, साहेब," त्या म्हणाल्या. "अख्ख्या जन्मात एकदा एका कागदावर इलंव. आता तेका कातर लावूची नाय."

मी नवीन फोटो काढायला सांगितला. त्या दुसऱ्याच दिवशी रत्नागिरीला आल्या आणि एकट्या जाऊन काढून आल्या.